चौकटी कंसातले काम : शॉर्टकोडविषयी वाचकांचे प्रश्न

वर्डप्रेसवर स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्या किनारपट्टीवरच्या वाचकांनी या वेळी शॉर्टकोडवर बरेच प्रश्न पाठवले आहेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मजकुरात चौकटी कंसात एक शब्द लिहायचा. पान उघडले की वर्डप्रेस तो शब्द काढते आणि तुमच्या फंक्शनने (पीएचपी भाषेत लिहिलेल्या छोट्या कोडने) दिलेला मजकूर तिथे बसवते. ही सोय २००८ च्या २.५ आवृत्तीपासून आहे. या सदरात फंक्शनची आणि गुणधर्मांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी छोट्या लिपीत लिहा आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर द्या.

प्रश्न : आमची हापूसची थेट विक्री आहे. पेटीचा दर संकेतस्थळावर बऱ्याच पानांवर लिहिलेला आहे आणि एप्रिल-मेमध्ये तो दोन-चार दिवसांनी बदलतो. एखादे पान बदलायचे राहते आणि गिऱ्हाईक जुना दर दाखवून भांडते. शॉर्टकोड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये टाका, असा सल्ला मिळाला. टाकू का? — आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : शॉर्टकोड करा, पण थीमच्या फाइलमध्ये नको. थीमचे अपडेट आले की ती फाइल नव्याने उतरते आणि तुम्ही घातलेल्या ओळी पुसल्या जातात. थीम बदलली तर त्या ओळी चालायच्याच थांबतात. दर हा तुमच्या धंद्याचा भाग आहे, थीमच्या रंगरूपाचा नाही. म्हणून त्याचा स्वतंत्र छोटा प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा जास्तीचा भाग, करायचा. नाव ऐकून दचकू नका, एका फाइलचाही प्लगइन होतो.

साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये नवी फाइल उघडा. पहिल्या ओळीत पीएचपीची सुरुवातीची खूण, तिच्याखाली कॉमेंटमध्ये 'प्लगइन नेम' (Plugin Name), अपूर्णविराम (:) आणि प्लगइनला द्यायचे नाव. एवढ्यावर वर्डप्रेस ती फाइल ओळखते. फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएम (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) न घालता साठवा. बीओएम राहिला तर 'हेडर्स ऑलरेडी सेंट'ची तक्रार येऊ शकते, आणि फाइलमध्ये डोळ्यांना काही दिसत नसल्याने चूक सापडत नाही. शेवटी पीएचपी बंद करण्याची खूण देऊ नका. ती लागत नाही, उलट तिच्यामागे राहिलेली एखादी रिकामी ओळ त्रास देते. फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून झिप करा, 'प्लगइन्स'मध्ये 'अपलोड' करा आणि सक्रिय करा. अर्धविराम विसरला असेल तर सक्रिय करतानाच वर्डप्रेस अडवते आणि संकेतस्थळ चालू राहते. थीमच्या फाइलमध्ये तीच चूक झाली तर सगळे पान पांढरे पडू शकते.

आता फंक्शन. त्याला तीन गोष्टी मिळतात : गुणधर्मांची यादी, दोन कंसांमधला मजकूर (असल्यास) आणि शॉर्टकोडचे नाव. आपल्याला इथे पहिलीच हवी. [हापूस_दर डझन="5"] असा शॉर्टकोड धरू. यात डझन हा गुणधर्म आणि 5 हे त्याचे मूल्य. फंक्शनच्या आत क्रमाने पाच कामे करायची. पहिले, 'शॉर्टकोड_अ‍ॅट्स' वापरून गृहीत मूल्ये द्यायची : डझन लिहिले नसेल तर ५ धर. दुसरे, आलेली संख्या तुमच्या पेट्यांपैकीच आहे का ते पाहायचे. चार, पाच, सहा डझनी पेटी असेल तर एवढेच तीन आकडे मान्य. तिसरे, त्या पेटीचा दर साठवलेल्या जागेतून आणायचा. चौथे, दर रिकामा असेल तर 'दरासाठी फोन करा' हा मजकूर परत द्यायचा. पाचवे, दर 'ईएससी_एचटीएमएल'मधून काढून रिटर्न करायचा. फंक्शनच्या बाहेर एक ओळ : 'अ‍ॅड_शॉर्टकोड', तिच्या कंसात आधी शॉर्टकोडचे नाव, मग फंक्शनचे नाव. झाले.

खरा फायदा तिसऱ्या कामात आहे. दराचा आकडा फंक्शनमध्ये लिहून ठेवलात तर दर बदलायला दर वेळी कोड उघडावा लागेल, आणि बागेत उभे राहून मोबाइलवरून कोड बदलणे म्हणजे संकट ओढवून घेणे. त्याऐवजी 'दरपत्रक' नावाचे एक पान करा आणि ते प्रायव्हेट ठेवा. संपादकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन 'कस्टम फील्ड्स' सुरू करा. पान पुन्हा लोड होईल आणि खाली फील्डचा तक्ता दिसेल. तिथे 'दर_४', 'दर_५', 'दर_६' अशी तीन फील्डे करा. (नावाची सुरुवात अंडरस्कोरने करू नका, तसे फील्ड तक्त्यात दिसत नाही.) पान संपादित करताना पत्त्याच्या पट्टीत 'पोस्ट' या शब्दापुढे जो क्रमांक असतो तो त्या पानाचा क्रमांक. फंक्शनमध्ये 'गेट_पोस्ट_मेटा'ला तो क्रमांक, फील्डचे नाव आणि 'ट्रू' द्या. पुढे घरातले कोणीही ब्राउझरमधून तीन आकडे बदलेल, कोडला हात लागणार नाही.

कॅश प्लगइन (पानाची तयार प्रत साठवून तीच दाखवणारा) असेल तर एक गोष्ट हमखास नडते. दरपत्रकाचे पान अपडेट केले की कॅश प्लगइन साधारणपणे तेच पान आणि त्याच्याशी जोडलेली पाने ताजी करतो. दर ज्या बाकीच्या पानांवर झळकतो ती जुनीच राहतात, कारण तिथे शॉर्टकोड आहे हे त्याला माहीत नसते. तुम्ही लॉगिन केलेले असता, बहुतेक कॅश प्लगइन अशांना साठवलेली प्रत देत नाहीत, म्हणून तुम्हाला नवा दर दिसतो आणि गिऱ्हाइकाला जुना. भांडण तिथेच आले. दर बदलल्यावर 'पर्ज ऑल' दाबायची सवय लावा आणि खात्री इनकॉग्निटो खिडकीतच करा.

प्रश्न : रिसॉर्टच्या संकेतस्थळाची थीम बदलली. आता जागोजागी चौकटी कंस आणि आत इंग्रजी शब्द दिसतात. शेकडो पाने हाताने कशी साफ करायची? — हॉटेल व्यावसायिक, गुहागर

उत्तर : जुनी थीमच ते शॉर्टकोड नोंदवत होती. ती गेली, नोंदणी गेली आणि कंस उघडे पडले. घाईने पुसू नका. तात्पुरता उपाय सोपा आहे. वर सांगितल्याप्रमाणे छोटा प्लगइन करून प्रत्येक जुन्या नावाची पुन्हा नोंदणी करा. जो शॉर्टकोड एकटाच येतो आणि आता नको आहे त्याला फंक्शन म्हणून वर्डप्रेसमधलेच '__रिटर्न_एम्प्टी_स्ट्रिंग' द्या, तो दिसेनासा होईल. जे जोडीने येतात, म्हणजे रकाने किंवा चौकटी करणारे, त्यांना मात्र हे देऊ नका, नाहीतर आतला मजकूरही गायब होईल. त्यांच्यासाठी आतला मजकूर 'डू_शॉर्टकोड'मधून काढून परत देणारे दोन ओळींचे फंक्शन लिहा. आत आणखी शॉर्टकोड असतील तर तेही उघडतील.

मग सवडीने डेटाबेसची प्रत काढून, पोस्टच्या तक्त्यात उघडा कंस आणि नाव शोधत एकेक पान दुरुस्त करा. पानाचे रूप, रकाने, बटणे अशा गोष्टींसाठी थीमचे शॉर्टकोड वापरणे म्हणजे त्या थीमला बांधून घेणे. २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून ब्लॉक आहेत, दिसण्याची कामे तिथे करा. शॉर्टकोड बदलत्या माहितीसाठी ठेवा.

प्रश्न : खोल्यांच्या उपलब्धतेची चौकट मजकुराच्या मधोमध हवी आहे, पण ती पानाच्या अगदी वर येते. — न्याहारी-निवास चालक, मालवण

उत्तर : फंक्शनमध्ये 'इको' आहे. तिथे 'रिटर्न' हवे. वर्डप्रेस आधी पूर्ण मजकूर तयार करते आणि मग छापते. इको केलेले मात्र तयारी चालू असतानाच बाहेर पडते, म्हणून ते वर जाते. याच चुकीचे दुसरे लक्षण म्हणजे पान साठवताना येणारी 'प्रतिसाद वैध जेसन नाही' अशा अर्थाची सूचना. संपादक साठवताना मजकूर चालवून पाहतो आणि इकोचा मजकूर जेसनमध्ये मिसळतो. लांबलचक एचटीएमएल असेल आणि ते जोडत बसायचा कंटाळा असेल तर सुरुवातीला 'ओबी_स्टार्ट', मग हवे तसे लिहा, आणि शेवटी 'रिटर्न ओबी_गेट_क्लीन'.

प्रश्न : शॉर्टकोडचे नाव मराठीत, देवनागरीत ठेवता येते का? आमच्या वाचनालयातल्या स्वयंसेवकांना ते सोपे जाईल. — ग्रंथालय कार्यकर्ती, रत्नागिरी

उत्तर : येते. वर्डप्रेस नावात फक्त मोकळी जागा, चौकटी कंस, कोनी कंस, तिरकी रेघ, बरोबरचे चिन्ह आणि अ‍ॅम्परसँड नाकारते. देवनागरीला मज्जाव नाही. [नवी_पुस्तके] चालेल. पण अडचणी चार आहेत आणि त्या सहज लक्षात येत नाहीत.

पहिली म्हणजे गुणधर्माचे नाव रोमनच हवे. गुणधर्म ओळखणारा नमुना बरोबरच्या चिन्हाआधी फक्त इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक, अंडरस्कोर आणि आडवी रेघ एवढेच मानतो. देवनागरीत विषय="कथा" लिहिले तर ते अख्खे एक बिननावाचे मूल्य म्हणून पोहोचते आणि तुमचा 'विषय' रिकामाच राहतो. शिवाय गुणधर्मांची नावे वर्डप्रेस छोट्या लिपीत बदलून देते, म्हणून फंक्शनमध्येही ती छोट्या लिपीतच लिहा. मूल्य मात्र देवनागरीत बिनधास्त लिहा.

दुसरी अडचण अंकांची आहे. मराठी कीबोर्डवरून संख्या="५" लिहिले आणि फंक्शनमध्ये 'इंटव्हॅल' किंवा 'अ‍ॅब्सिंट' असेल तर उत्तर शून्य येते. पीएचपीला ५ हा आकडा वाटत नाही. 'एसटीआरटीआर'ने दहाही देवनागरी अंक इंग्रजीत बदलून मग संख्या करा. स्वयंसेवकांना 'इंग्रजी अंकच लिहा' असे बजावत राहण्यापेक्षा हे बरे, कारण तेवढी सूचना कोणी पाळत नाही.

तिसरी अडचण एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. ॲ हे अक्षर एका कोडने लिहिता येते, तसेच अ, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि वर चंद्र असे तीन तुकड्यांनीही. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र चेही तसेच, तो दोन पद्धतींनी येतो. एकाने मोबाइलवरून लिहिले, दुसऱ्याने कार्यालयातल्या संगणकावरून, की शॉर्टकोड कधी चालतो, कधी कंसासकट छापला जातो. त्यामुळे नावात असली अक्षरे टाळा.

चौथी अडचण बारीक आहे. [पुस्तक] आणि [पुस्तकयादी] असे दोन शॉर्टकोड केले, आधी 'पुस्तक' नोंदवला आणि दोन्ही एकाच पानावर आले, तर [पुस्तकयादी]चे काम 'पुस्तक' करून टाकतो आणि 'यादी' हा त्याचा गुणधर्म ठरतो. इंग्रजी नावांत असे होत नाही, कारण नावापुढे लगेच इंग्रजी अक्षर आले तर वर्डप्रेस ते नाव अपुरे समजून सोडून देते. देवनागरी अक्षराला ही तपासणी अक्षर मानत नाही. [पुस्तक_यादी] असे अंडरस्कोर घालून लिहिलेत की भागते.

माझे मत विचाराल तर नाव आणि गुणधर्म रोमनमध्ये ठेवावेत, मूल्ये मराठीत. नावाआधी संस्थेची दोन-तीन अक्षरे जोडा. एकाच नावाचे दोन शॉर्टकोड नोंदवले गेले तर नंतरचा गुपचूप जिंकतो, सूचना कुठेच येत नाही. 'गॅलरी', 'कॅप्शन', 'ऑडिओ', 'व्हिडिओ', 'प्लेलिस्ट' आणि 'एम्बेड' ही नावे वर्डप्रेसने आधीच घेतलेली आहेत.

प्रश्न : वस्तूचे नाव शॉर्टकोडमध्ये देतो, पण पानावर अर्धेच येते. 'गंजिफा संच' लिहिले की फक्त 'गंजिफा' दिसते, तेही अवतरणचिन्हासकट. — लाकडी खेळणी विक्रेता, सावंतवाडी

उत्तर : शॉर्टकोड व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून चिकटवला आहे. तिथली अवतरणचिन्हे वाकडी असतात, वर्डप्रेसला सरळ हवीत. वाकडे चिन्ह त्याला मजकुराचेच अक्षर वाटते, म्हणून मूल्य पहिल्या मोकळ्या जागेशी तुटते आणि 'संच' वेगळा पडतो. संपादकात ती दोन चिन्हे पुसून पुन्हा टंका. पाटाचे किंवा खेळण्याचे माप इंचात देताना १२" असे लिहाल तर तिथेही मूल्य नीट पोहोचणार नाही. बाहेरून एकेरी सरळ अवतरण वापरा किंवा 'इंच' लिहा. मूल्यात चौकटी कंस आणू नका.

प्रश्न : मासेमारी बंदीच्या काळात 'ताजी मासळी मिळेल' हा परिच्छेद आपोआप जाऊन त्याजागी दुसरा यावा. तसेच ऑक्टोबर ते मे एवढेच दिवस बोटफेरीची माहिती दिसावी. जमेल का? — खानावळ चालक, वेंगुर्ले

उत्तर : जमेल. यासाठी जोडीचा शॉर्टकोड हवा : [हंगाम पासून="06-01" पर्यंत="07-31"] मजकूर [/हंगाम]. आपल्या किनाऱ्यावर बंदी १ जून ते ३१ जुलै असते, म्हणून हे दोन दिवस. आधी महिना, मग दिवस, दोन्ही दोन अंकी, म्हणजे तारखांची तुलना साध्या अक्षरांसारखी करता येते. फंक्शनमध्ये आजचा दिवस त्याच साच्यात घ्या आणि तो दोन्हींच्या मध्ये असेल तर आतला मजकूर 'डू_शॉर्टकोड'मधून काढून परत द्या, नसेल तर रिकामे.

बोटफेरीच्या वेळी हाच नियम फसतो. "10-01" ते "05-31" यांच्या मध्ये कुठलीच तारीख बसत नाही, कारण सुरुवात शेवटापेक्षा मोठी आहे. म्हणून आधी ते तपासा. 'पासून' हे 'पर्यंत'पेक्षा मोठे असेल तर अट बदला : आजचा दिवस 'पासून'इतका किंवा त्याच्या पुढे, अथवा 'पर्यंत'इतका किंवा त्याच्या आधी. हीच अट लावून बंदीबाहेरच्या दिवसांसाठी, म्हणजे "08-01" ते "05-31", ताज्या मासळीचा परिच्छेद ठेवा आणि बंदीच्या जोडीत सुक्या मासळीचा.

आजची तारीख घेताना पीएचपीचे नुसते 'डेट' वापरू नका. वर्डप्रेस आपल्या आत पीएचपीचे घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, त्यामुळे तुमचा दिवस मध्यरात्री नाही तर पहाटे साडेपाचला उलटेल. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून 'डब्ल्यूपी_डेट' आहे, ते वापरा आणि 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल'खाली वेळेचा विभाग 'कोलकाता' निवडा. साइटची भाषा मराठी असेल तर महिन्याचे नावही याच फंक्शनकडून मराठीत मिळते. कॅशचे वर देवगडच्या उत्तरात सांगितले तेच इथेही लागू. साठवलेली प्रत १ जूनलाही मेमधलीच असेल तर मासळी 'ताजी'च राहील. त्या पानाच्या कॅशची मुदत काही तासांवर आणा.

आणखी दोन खबरदाऱ्या. [हंगाम]च्या आत पुन्हा [हंगाम] घालू नका. वर्डप्रेस पहिला बंद कंस, म्हणजे [/हंगाम], दिसला की जोडी पूर्ण झाली असे धरते, आणि उरलेला बंद कंस उघडा पडतो. वेगळ्या नावाचा शॉर्टकोड आत चालतो. आणि एकच नाव कुठे एकटे, कुठे जोडीने वापरत असाल तर एकट्याला शेवटी तिरकी रेघ द्या, [हंगाम /] अशी. नाहीतर तो पुढच्या जोडीचा बंद कंस स्वतःचा समजून मधला सगळा मजकूर गिळतो.

प्रश्न : दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळा तीन पानांवर द्यायच्या आहेत. शॉर्टकोड करावा का? — पर्यटन व्यावसायिक, दापोली

उत्तर : नको. तिथे हिशेब नाही, अट नाही, नुसता एकच तक्ता तीन ठिकाणी आहे. तक्त्याचा ब्लॉक निवडून 'क्रिएट पॅटर्न' करा आणि 'सिंक्ड' चालू ठेवा. एका जागी बदललात की तिन्हीकडे बदलेल. ६.३ आवृत्तीच्या आधी यालाच 'रियुजेबल ब्लॉक' म्हणत.

प्रश्न : गावातले तरुण आमच्या संकेतस्थळावर कॉन्ट्रिब्युटर म्हणून लेख लिहितात. आम्ही केलेले शॉर्टकोड त्यांना वापरू द्यावेत का? — सांस्कृतिक मंडळ, अलिबाग

उत्तर : द्या, पण आधी प्रत्येक फंक्शन उघडून पाहा. कॉन्ट्रिब्युटरने (ज्याला लेख लिहिता येतो, पण स्वतः प्रसिद्ध करता येत नाही) लेखात घातलेला स्क्रिप्टचा टॅग वर्डप्रेस साठवतानाच काढते. शॉर्टकोडच्या गुणधर्मात लिहिलेला मजकूर मात्र तेव्हा साधा मजकूरच असतो. तुमचे फंक्शन तो गुणधर्म जसाच्या तसा एचटीएमएलच्या टॅगमध्ये चिकटवत असेल तर तिथून अवतरण बंद करून माऊसच्या घटनेवर स्क्रिप्ट लावता येते. लेख तपासायला तुम्ही मसुदा उघडता आणि ती स्क्रिप्ट तुमच्या लॉगिनने, सगळ्या अधिकारांसकट चालते. बाजारातल्या प्लगइनमध्येही ही त्रुटी वारंवार सापडते.

उपाय छापण्याच्या जागेवर करायचा. टॅगच्या आतल्या मूल्याला 'ईएससी_एटीटीआर', दुव्याला 'ईएससी_यूआरएल', बाकीच्या मजकुराला 'ईएससी_एचटीएमएल'. दुव्याला 'ईएससी_एटीटीआर' पुरत नाही, कारण 'जावास्क्रिप्ट'ने सुरू होणारा पत्ता त्यातून सुखरूप पार होतो. ठरावीक पर्यायांपैकीच काही हवे असेल, समजा डावे, उजवे, मध्य, तर यादी करून तिच्याबाहेरचे सरळ नाकारा.

आणि कोणतेही फील्ड, कोणतीही सेटिंग किंवा कोणतीही फाइल नावाने मागून छापणारा 'सर्वकामी' शॉर्टकोड कोणी करून दिला असेल तर तो लगेच काढा. असा शॉर्टकोड हातात असलेला कॉन्ट्रिब्युटर संकेतस्थळाच्या आतली माहिती स्वतःच्या मसुद्यात वाचू शकतो, आणि ती वाचायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.